घरातलं सरू द्या आधी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरत होते. जिन्यातला दिवा लागेना. भिंत चाचपत अर्ध्यावर आले तर खालून खणखणीत आवाज आला, "सर्वांनी इकडे लक्ष द्यावे. आजपासून या घरात आवरतं घेण्यात येत आहे. वरच्या मजल्यावरील मंडळींनीही याची नोंद घ्यावी."

वरच्या मजल्यावरील मंडळी म्हणजे मी आणि माझा नवरा. आम्ही भाडेकरू. भाडं वेळेवर देत होतो, विजेचं मीटर आमचं वेगळं होतं, आणि त्यांच्या आवरत्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता. तरी जिन्यातला बल्ब काढून तो हातात धरून घरमालक खाली उभे होते.

"काकाजी, पडले असते ना मी आत्ता."

"पडता कायले मॅडम? पायऱ्या का रोज बदलतेत? त्याच त हायत."

पांढरकवड्याला माझी शाळेवर बदली झाली तेव्हा बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आम्हाला हे घर मिळालं. घर चांगलं, पाणी भरपूर, हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे सोडले तर शांतता. घर दाखवताना घरमालकांनी सगळं दाखवलं, फक्त स्वतःचा स्वभाव तेवढा दाखवला नाही. ते स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कोणती उशिरा येईल आणि कोणती येणारच नाही, हे माइकवर सांगण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा माइक तिथंच राहिला, पण आवाज ते घरी घेऊन आले. एरवी आपले साधं वऱ्हाडी बोलत. काही जाहीर करायचं असलं की मान वर व्हायची, डोळे अर्धे मिटायचे आणि पुस्तकी मराठी सुरू व्हायची. नळाला पाणी आलं, भाजीवाला आला, त्यांना शिंक आली, सगळं जाहीर व्हायचं. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंचा आवाज मला पहिले काही महिने ऐकूच आला नव्हता. त्या घरात दुसऱ्या आवाजाला जागा नव्हती.

हा माणूस मुळातून कंजूष असता तर मी काही बोलले नसते. कंजूष माणसाचं एक बरं असतं, तो बाराही महिने सारखा असतो, त्याची सवय होते. काकाजींची सवय करून घ्यायची सोय नव्हती. दिवाळीत हाच माणूस हात सैल सोडून खर्च करायचा. घरात दिवसचे दिवस तळण चालायचं आणि गल्लीत असं एक घर नसायचं जिथे त्यांच्याकडच्या अनारशांचं ताट गेलं नाही. जंगलाकडच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी पाड्यावरून, दंडार नाचणारे ढोल वाजवत आले की काकाजी चपला काढून त्यांच्यात शिरायचे, पायाला जमेल तसं नाचायचे आणि मग प्रत्येकाच्या हातावर काही ना काही ठेवायचे. लेक-जावई आदिलाबादहून यायचे, नातवंडांना नव्या सायकली मिळायच्या. पण भाऊबीज झाली, लेकीचा ऑटो गल्लीच्या कोपऱ्यावरून वळला, की दिवाळीही त्याच ऑटोत बसून निघून जायची. काकाजी हात हलवत उभे असायचे. हात खाली आला की आवरतं सुरू. ते थेट रथसप्तमीपर्यंत चालायचं.

आवरत्याचा कायदा एकच होता: घरातलं सरू द्या आधी. जे घरात पडून आहे ते संपल्याशिवाय नवीन काही आणायचं नाही. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! माझा नवरा तर पहिल्या दिवशी म्हणाला, "बरोबर बोलतात ते, आपणही असंच करायला हवं." त्याला कार्तिकात जेवायला खाली बसवलं असतं म्हणजे कळलं असतं. घरात पडून काय असायचं, तर फराळ. म्हणून फराळ हीच भाजी. चकलीचे तुकडे कढीत सोडलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. चिवडा भिजवून त्याचं थालीपीठ व्हायचं, करंज्या फोडून आतलं सारण वरणासोबत पानात यायचं. शंकरपाळे तर शिजवून, काय ते देवालाच ठाऊक, त्याला काकाजी "खीर" म्हणत. आपला फराळ सरत आला की त्यांनी कायदा मोडून दुकान गाठावं ना? नाही. ते गल्लीत फिरायचे. "वहिनी, चकल्या राह्यल्या का तुमच्याकडं? नरम झाल्या असतीन त्या बी चालतीन." लोक काय, आनंदाने द्यायचे. मार्गशीर्ष उजाडला तरी त्या घरातली दिवाळी काही सरायची नाही, आणि काकू मुकाट्याने दुसऱ्यांच्या मऊ पडलेल्या चकल्या कढीत सोडायच्या.

गॅस वाचवायचा म्हणून आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात चुलीवर तापायचं. जळण म्हणून गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. त्या वाळक्या काटक्या धडाडून पेटतात आणि मग असा धूर सोडतात की माझ्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या आणि नवऱ्याचे शर्ट सगळे भाजलेल्या वांग्यासारखे वास मारायचे. शाळेत एका पोरीने मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही शेतात राह्यता का?" मी खाली जाऊन चांगली भांडले. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, मग मान वर केली. "धुरासंबंधी प्रवाशांची तक्रार प्राप्त झाली आहे." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर. वर त्यांनी स्वतःचं वर्तमानपत्र बंद करून माझं वाचायला सुरुवात केली. मोबाइलचा नेट पॅक संपला की जिन्यात उभे राहून "मॅडम, जरासा हॉटस्पॉट" म्हणून आवाज द्यायचे, जसा कोणी विरजण मागतो. मी चिडले की नवरा हसायचा, आणि तो हसला की मी जास्त चिडायचे.

एकदा गच्चीवर कागदावर काहीतरी काळपट, चुरगळलेलं वाळत घातलेलं दिसलं. मला वाटलं, कुठलं तरी औषध असावं. काकूंना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "चहापत्ती हाय ते. एक डाव उकळून झाल्याली. वाळली का पुन्हा डब्यात भरतेत." त्या दिवसापासून मी आवरत्याच्या काळात खाली चहा घेतला नाही. नेहमी म्हणायचे, आत्ताच झाला.

आणि या सगळ्या काळात बाहेरच्या खोलीतली मांडणी मात्र झगमगत असायची. धनतेरसला भांडं घ्यायचा रिवाज आहे, लोक एखादा चमचा, एखादी वाटी घेतात. काकाजी दरसाल संच घ्यायचे. एका वर्षी स्टीलचे ग्लास, एका वर्षी झाकणाचे डबे, एका वर्षी पितळेची पातेली. सगळी मांडणीवर ओळीने लावलेली, प्रत्येकावर दुकानाचं स्टिकर तसंच. स्टिकर काढायचं नाही, पाणी लावायचं नाही, वापरायचा तर प्रश्नच नाही. रोज सकाळी काकाजी स्वतः कोरड्या फडक्याने ती पुसायचे. आणि पाणी प्यायला पोचे पडलेले ग्लास. मी एकदा म्हटलं, "काकाजी, हे घरातलंच आहे ना? हे कधी सरणार?" ते म्हणाले, "हे सराचं नसते मॅडम. हे पाहाचं असते."

एवढं असून मी म्हणेन, हे सगळं चाललं असतं. माणसं असतात अशी. धूर सहन होतो, जिन्याला मी मोबाइलचा टॉर्च लावायला शिकले होते. पण आवरतं रथसप्तमीपर्यंत चालायचं, आणि संक्रांत ते रथसप्तमी हेच हळदीकुंकवाचे दिवस. तिथे काकूंचा जीव अडकला होता.

हे मला गच्चीवर कळलं. संक्रांत झाली होती, गल्लीतून बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, हातात वाणाच्या पिशव्या घेऊन या दारातून त्या दारात चालल्या होत्या. काकू गच्चीच्या कठड्याआड खाली बसून तुरीची डाळ पाखडत होत्या. कठड्याआड अशासाठी, की खालून दिसू नये.

"तुम्ही नाही जात?" मी विचारलं.

"पहिले जात होतो. आता नाही जात." वऱ्हाडात बायाही जातो-येतो म्हणतात. "सासूबाई होत्या तवा आमच्या घरी बी हळदीकुंकू होये. थ्या गेल्या अन् याईचं आवरतं सुरू झालं. मी मंग साऱ्याइच्या घरी जाऊन वाण घेऊन येऊन राह्यली, अन् माह्या दारी कोणाले बलावता येईना. लय वर्षं तसंच गेलं. मंग एक दिवस मेडिकलवाली सगळ्याइच्या समोर म्हणे, काकू, तुमच्याकडं कधी? का नुसतं न्यायलेच येता? साऱ्या जणी हासल्या. तवापासून नाही गेली."

मेडिकलवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. बाई वाईट नव्हती, पण तोंडाला तिच्या कुलूप नव्हतं.

"मग ती मिळालेली वाणं कुठे आहेत?" मी विचारलं, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात मला कधी दिसली नव्हती.

"पलंगाखाली पेटीत हायत. वाट्या, डब्या, गाळण्या, साऱ्या."

"वापरत काहून नाही?" माझ्याही तोंडात वऱ्हाडी येऊ लागली होती.

"कसं वापरू पोरी? फिरून देल्लं कुठं हाय मी कोणाले? येकडाव मी माह्या दारात साऱ्याइले बलावीन, मंग त्या वाट्या काढीन."

सूप हलत राहिलं. मला इतका राग आला की काय सांगू. अहो, आहे काय त्यात? तिळाचे चार लाडू, कुंकू, हातात ठेवायला एक डबी. दिवाळीत फटाक्यांवर यापेक्षा जास्त उडवलेलं मी पाहिलं होतं. या बाईला एक दुपार हवी होती आणि ती तिला नवरा देत नव्हता, कारण काय तर आवरतं.

पुढच्या वर्षी संक्रांतीला मी ठरवून खाली गेले. काकाजी मांडणी पुसत होते. म्हटलं, "काकाजी, यंदा काकूंचं हळदीकुंकू मी वर माझ्या घरी करते आहे. वाण मी आणणार, लाडू मी करणार. तुम्हाला काही तोशीस नाही."

फडकं थांबलं. "माह्या घरचं हळदीकुंकू भाडेकरूच्या घरी? लोक काय म्हणतीन?"

"लोक आत्ताही म्हणतातच."

त्यांनी एक डबा पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाले, "होईन. माह्याच घरी होईन. अन् वाणाचं माह्याकडं लागलं. तुम्ही त्यात पडू नका."

मला तिथेच संशय यायला हवा होता. काकूंनाही आला नाही. त्यांनी अंगण सारवलं, लेकीच्या लग्नातली साडी काढून उन्हात टाकली. तिळाचे लाडू केले. त्यासाठीचा गूळ मी शाळेच्या पिशवीत लपवून आणून दिला, कारण दारात काकाजी पिशव्या बघायचे. काकू इतक्या बोलायला लागल्या की मी चकित झाले. कोणती बाई कुठे बसेल, समोरच्या आजींना पाट द्यायचा, कारण त्यांना गार फरशी सोसत नाही. काकाजींना मात्र एवढंच म्हणाल्या, की चहापत्ती आणायला पाहिजे, बायांना चांगला चहा द्यायचा आहे. काकाजी म्हणाले, "डब्यात हाय ना. ते सरू द्या आधी."

आमंत्रणही काकूंच्या हातात राहिलं नाही. काकाजी फाटकात उभे राहिले, मान वर केली, आणि गल्लीभर ऐकू जाईल असं सुरू केलं, "सर्व महिला भगिनींनी लक्ष द्यावे. उद्या दुपारी या घरी हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे. वेळेवर उपस्थित राहावे. आपल्या चपलांची काळजी आपण घ्यावी." हळदीकुंकवाचं बोलावणं पुरुषाने दिल्याचं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं. पण त्यामुळे एक झालं. काय प्रकार आहे ते बघायला सगळी गल्ली आली.

खोली भरून गेली. काकू हळदकुंकू लावत होत्या, आणि चेहरा असा उजळला होता की मी सगळा धूर आणि सगळ्या चकल्या माफ करायला तयार झाले होते. काकाजी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. पायाशी वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्यांचा ढीग. ती वर्तमानपत्रं माझी होती. एकेक पुडी ते निवडून काकूंच्या हातात देत, "हे समोरच्या आजीचं. हे मास्तरीणबाईचं. थांब, थे नाही, हे मेडिकलचं." कोणाला कोणतं वाण जातं याने काय फरक पडतो, असं माझ्या मनात आलं. वाण सगळ्यांना सारखंच असतं.

बायका सहसा वाण तिथे उघडून बघत नाहीत. पण समोरच्या आजींना दम कुठला? त्यांनी पुडीचा दोरा तिथल्या तिथे सोडला. आतून स्टीलची वाटी निघाली. आजींनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली.

"हे त माह्यीच वाटी होय," त्या म्हणाल्या.

वाटीच्या बुडाला मशीनने कोरलं होतं, आजींचं नाव आणि खाली मकरसंक्रांत. आमच्याकडे दुकानदार नाव टाकून देतो, म्हणून वाणाच्या भांड्यावरही नाव टाकून घेतात. मग सगळ्यांनीच भराभर पुड्या सोडल्या. मास्तरीणबाई, म्हणजे शेजारच्या मास्तरांची बायको, त्यांची डबी त्यांचीच. मेडिकलवाल्या वहिनींची गाळणी त्यांचीच. एकीचंही दुसरीकडे गेलं नव्हतं. पलंगाखालची पेटी काकाजींनी रिकामी केली होती आणि नावं वाचून वाचून ज्याची त्याला बांधली होती.

आणि ते खुर्चीत हसत होते हो! त्यांना वाटत होतं, आता शाबासकी मिळणार. "तपासून घ्या," ते म्हणाले, "ज्याचं त्याले. स्टँडवर लोकाइचं हरवलेलं सामान माह्याकडं जमा होये. इतक्या वर्षांत येक बॅग चुकीच्या माणसाच्या हाती गेली नाही."

मेडिकलवाल्या वहिनींनी पदराआड हसू दाबलं आणि दुसऱ्या हाताने मोबाइल काढला. हा फोटो गल्लीच्या ग्रुपवर जाणार हे सगळ्यांना कळत होतं. समोरच्या आजी मात्र हसल्या नाहीत. वाटी मांडीवर ठेवून त्या काकूंना म्हणाल्या, "वाण का कोणी वापस करते माय? आमच्याशी नातं तोडाचं होतं त तसं सांगाचं होतं."

काकू कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या आत जातील आणि कडी लावून घेतील. मी असते तर तेच केलं असतं. इतक्या वर्षांनी दार उघडलं, आणि त्या दारातून बायांची सगळी माया नावासकट परत पाठवून दिली गेली होती. काकूंच्याच हाताने. मला काकाजींचा गळा धरावासा वाटला, खोटं कशाला सांगू.

काकूंनी करंडा खाली ठेवला. मांडणीपाशी गेल्या, स्टूल ओढलं, चढल्या आणि धनतेरसचे ग्लास उतरवायला लागल्या. काकाजी अर्धे उठले. काकूंनी ग्लास चटईवर मांडले आणि आजींपुढे बसल्या.

"आजी, थे वाटी मले द्या. तुमी मले देल्लती. माह्यी हाय ते."

आजींनी वाटी दिली. काकूंनी ती पदरात घेतली. मग एक ग्लास उचलला, नखाने स्टिकर खरवडून काढलं, ग्लासाला हळदकुंकू लावलं आणि आजींच्या हातात ठेवला. "हे माह्याकडून तुमाले. घ्या."

"अवं, धनतेरसचं हाय थे," काकाजी म्हणाले. माइकचा आवाज नव्हता तो. नुसता माणसाचा होता.

"हो ना," काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "कधीचं पडून हाय घरात. घरातलं सरू द्या आधी."

मग त्या थांबल्याच नाहीत. प्रत्येकीकडून आपलं जुनं वाण मागून घेत होत्या आणि नवं देत होत्या. ग्लास संपले तेव्हा डबे काढले. मेडिकलवाल्या वहिनींचा नंबर आला तेव्हा त्यांच्याकडून गाळणी घेतली आणि झाकणाचा मोठा डबा दिला. वहिनींनी मोबाइल गुपचूप मांडीखाली सारला. "काकू, एवढं मोठं कायले?" त्या म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "न्यायलेच आल्या ना? न्या मंग." यावर जे हसू फुटलं त्यात वहिनींचंही होतं. आजी तर डोळे पुसत हसत होत्या.

मी शेवटी होते. माझ्या वाटणीला पितळेचं पातेलं आलं. काकूंनी ते उचललं तेव्हा काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी त समजदार हा," ते म्हणाले. एक क्षण मला त्यांची दयाही आली, कारण ती भांडी त्यांनी खरोखर मायेने पुसली होती. पण मी पदर पसरला. आज आम्ही यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला राहतो, जिन्यात दोन दिवे आहेत, आणि त्या पातेल्यात मी रोज दूध तापवते.

मांडणी रिकामी झाली होती. इतकी वर्षं भांड्यांमागे झाकलेली भिंत पहिल्यांदाच दिसत होती. तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा नवा होता. बायका उठायला लागल्या तशा काकू म्हणाल्या, "बसा साऱ्या जणी. चहा घेतल्याबिगर कोणी जाचं नाही." आणि नवऱ्याकडे वळल्या. "पत्ती सरली हाय."

"डब्यात..." काकाजींनी सुरुवात केली.

काकूंनी आतून तो डबा आणला, झाकण काढलं आणि सगळ्यांच्या देखत अंगणातल्या तुळशीच्या बुडाशी उपडा केला. "सरली," त्या म्हणाल्या. "आता आणा."

काकाजी खाली वाकून आमच्या सोडलेल्या पुड्यांचे कागद गोळा करत होते, एकेक सरळ करून घडी घालत होते. ती घडी त्यांनी खुर्चीवर ठेवली, चपला घातल्या आणि काही जाहीर न करता फाटकाबाहेर गेले. परत आले तेव्हा हातात चहाच्या दोन पुड्या होत्या. पाच-पाच रुपयांच्या. सुधारणा म्हणजे तरी किती होणार! मी कपाळावर हात मारला.

काकूंनी दोन्ही पुड्या एकदम फाडल्या आणि उकळत्या पाण्यात ओतल्या. वास थेट बाहेरच्या खोलीपर्यंत आला. मेडिकलवाल्या वहिनींच्या गाळणीतून त्यांनी सगळ्यांना चहा गाळला, आणि आवरत्यात त्या घरातल्या चहाला मी त्या दिवशी पहिल्यांदाच नाही म्हटलं नाही.

काकाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून रिकाम्या पुड्यांकडे बघत होते. "येक उद्यासाठी ठेवली असती," ते हळूच म्हणाले.

"उद्याची उद्या आणा," काकू म्हणाल्या, आणि भरलेला कप त्यांच्या हातात दिला.